सर ८० वर्षांचे होताहेत: त्यांनी तुम्हाला काय दाखवलं?

पुढच्या महिन्यात आपले फोटोग्राफीचे सर ८० वर्षांचे होतील. समारंभ नको, भाषणं तर अजिबात नकोत, असं त्यांनी निक्षून सांगितलंय. म्हणून हा धागा काढतेय. इथे जमेल ते सगळं मोठ्या अक्षरांत छापून, नीट बांधून त्यांच्या हातात द्यायचा विचार आहे.

एकच विनंती आहे. 'सर थोर आहेत' असं लिहू नका, ते असली पानं न वाचता उलटतात. त्यांनी तुम्हाला दाखवलेली एखादी गोष्ट लिहा. ती फार साधी आहे म्हणून संकोच करू नका. या माणसाने आयुष्यभर भिंतींचे पोपडे, गंजलेल्या कड्या, ओल्या फरश्या, वाऱ्यावर फुगलेल्या चादरी आणि आसपासच्या माणसांचे चेहरे यांचेच फोटो काढले. धबधबे आणि सूर्यास्त त्यांच्या निगेटिव्हमध्ये शोधूनही सापडायचे नाहीत.

सुरुवात मीच करते. पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला एका कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं. ऊन थेट समोरून पडलं होतं. काय दिसतंय, असं विचारल्यावर आम्ही म्हणालो, काही नाही, भिंत आहे. बरं म्हणाले आणि वर्ग सोडून दिला. ऊन कलल्यावर पुन्हा तिथेच बोलावलं. आता उजेड भिंतीला घासून जात होता. गिलाव्यातला प्रत्येक खडा, थापीचा प्रत्येक फटकारा, ओलीने आलेले फुगवटे, सगळं उठून आलं होतं. उजेड समोरून आला की उंचवट्यांच्या सावल्या त्यांच्याच मागे दडतात, कडेने आला की त्या लांब पसरतात आणि पोत दिसायला लागतो. हे सगळं त्यांनी नंतर समजावलं. त्या वेळी एवढंच विचारलं, "भिंत तीच आहे ना? मग सकाळी ही कुठे होती?"

आता तुम्ही लिहा.

— डार्करूममध्ये मदतीला असणारा

मी काही सरांचा विद्यार्थी नव्हे. बाटल्या धुणं, रसायनं कालवणं, ट्रे पुसणं ही माझी कामं. फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, डी-७६च, आणि तापमान २० अंश सेल्सियस. त्यात सर कधी तडजोड करत नसत. हा डेव्हलपर १९२७ सालापासून चालत आलेला, म्हणजे सरांपेक्षाही वयाने मोठा.

प्रिंटचा कागद त्याच्या वेगळ्या डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की आधी काही नसतं. मग सगळ्यात गडद जागा उमटतात, पाठोपाठ मधले करडे, आणि चेहऱ्यावरचा उजेड सगळ्यात शेवटी. लाल दिव्यात मी हे कितीदा बघितलं असेल, पण सर दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखे वाकून बघायचे. "आला, आला," असं पुटपुटायचे. प्रिंट कितवा का असेना.

मला त्यांनी शिकवलेली गोष्ट ही की ओल्या प्रिंटवर भाळायचं नाही. ओला कागद उजळ दिसतो, वाळला की तोच थोडा गडद होतो. म्हणून ते चाचणीची पट्टी पूर्ण वाळवून, दाराशी दिवसाच्या उजेडात नेऊन बघायचे आणि मगच एक्स्पोजर, म्हणजे कागदावर उजेड किती वेळ पाडायचा ते, ठरवायचे. आम्हाला घाई असायची. त्यांना नसायची.

आणखी एक. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, म्हणजे एन्लार्जरखाली, प्रिंटचा एखादा भाग काळा पडू द्यायचा नसेल तर तिथला उजेड हाताने अडवतात. हात स्थिर ठेवला तर त्याची कड कागदावर उमटते, म्हणून तो सारखा किंचित हलता ठेवायचा असतो. ही सवय अंगात मुरायला मला फार वेळ लागला. पुढे सरांच्या हाताला कंप सुटला तेव्हा मला वाटलं, आता प्रिंटिंग थांबलं. थांबलं नाही. कॅमेरा धरायला तो हात नडत होता, पण एन्लार्जरखाली त्याच थरथरत्या बोटांतून इतक्या मऊ कडांचे प्रिंट निघाले की मी ते दुसऱ्या कुणाच्या हातून बघितलेले नाहीत. माझ्याकडे त्या काळातला एक आहे. पुस्तकासाठी हवा असेल तर देतो, पण परत पाहिजे.

— शेजारची मुलगी, आता भौतिकशास्त्र शिकवते

काकांच्या आणि आमच्या घरामध्ये एक मोठं झाड होतं. त्याखाली खेळताना त्यांनी मला विचारलं, पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या आहेत, मग जमिनीवरचे कवडसे गोल का? मी म्हटलं, पानं गोल असतील. ते घरात गेले आणि एका पुठ्ठ्याला बारीक त्रिकोणी भोक पाडून घेऊन आले. पुठ्ठा जमिनीलगत धरला तर कवडसा त्रिकोणी. वर वर नेत गेले तसा तो गोल होत गेला. "तो भोकाचा आकार नाही, तो सूर्य आहे," काका म्हणाले. झाडाखाली शेकडो सूर्य पडले होते आणि मी त्यांच्यावर उड्या मारत होते.

प्रत्येक फट म्हणजे एक बिनभिंगाचा कॅमेरा. एक मीटर अंतरावर सूर्याचं असं चित्र साधारण ९ मिलिमीटरचं पडतं, हे आता मी वर्गात फळ्यावर मांडते. पुढे खंडग्रास ग्रहण आलं. सगळे वर बघायची धडपड करत होते, काका मात्र मला झाडाखाली घेऊन गेले. सगळे कवडसे चंद्रकोरी झाले होते! माझ्या फ्रॉकवर, हातांवर, पायरीवर कोरीच कोरी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, पण खाली कितीही वेळ बघ, असं त्यांनी सांगितलं आणि माझ्या पसरलेल्या तळव्याचा फोटो काढला. मी भौतिकशास्त्र का घेतलं असं कुणी विचारलं की मी तो फोटो दाखवते.

— त्यांच्याच वयाचा एक मित्र

अरे, तू हे वाचणार आहेस म्हणून सरळ तुलाच लिहितो. गुडघे गेल्यावर तू मला म्हणालास की आता संपलं, फिरणं नाही तर फोटो नाहीत. मी तेव्हा गप्प बसलो, कारण तुला धीर देण्यात अर्थ नसतो. पण तूच मला कधीकाळी ज्या छायाचित्रकारांची नावं सांगितली होतीस त्यांची आठवण तुला करून द्यावीशी वाटत होती.

योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, तरी जड कॅमेरा ओढत प्राग पालथं घातलं. दुसऱ्या महायुद्धात शहर व्यापलेलं असताना त्याने १९४० पासून आपल्याच स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि १९५४ पर्यंत तो तिथेच रमला. दव, बर्फ, काचेवरची वाफ, बाहेरचं वाकडं झाड. आंद्रे केर्तेश. १९७७ मध्ये बायको गेली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस न्यूयॉर्कमधल्या घराच्या खिडकीत काचेच्या छोट्या वस्तू मांडून पोलरॉइड एसएक्स-७० या लगेच फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढत बसला. त्यातल्या एका काचेच्या मूर्तीत त्याला बायको दिसत होती. आणि इमोजेन कनिंगहॅम, जिने ९२ व्या वर्षी नव्वदी गाठलेल्या माणसांचे फोटो काढायचं नवं काम हाती घेतलं आणि १९७६ मध्ये जाईपर्यंत ते करत राहिली.

मला हे सांगावंच लागलं नाही. पुढच्या वेळी आलो तर तू खिडकीला खुर्ची लावून बसला होतास आणि मला म्हणालास, "बोलू नकोस, पडदा हलतोय." तुझ्या त्या पडद्याचे फोटो मला तुझ्या तरुणपणच्या सगळ्या कामापेक्षा आवडतात. तुला हे पटणार नाही. वाद घालायला ये, किंवा मीच येतो.

— लेक

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी एकाच डोळ्याचं झालं. पट्टी निघाल्यावर ते बराच वेळ एक डोळा झाकायचे, मग दुसरा. मला वाटलं, दुखतंय. त्यांनी हाक मारून भिंतीकडे बोट केलं. "या डोळ्याने ही पांढरी आहे, आणि या डोळ्याने जुन्या कागदासारखी." म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवत जातं. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. ते भिंग काढलं की निळा रंग एकदम परत येतो.

ते नुसतं सांगून थांबले नाहीत. डिजिटल कॅमेरा मागवला, त्याच भिंतीचे दोन फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकाचे रंग बदलत राहिले. एक डोळा मिटून बघायचे, मला पिवळा वाढवायला सांगायचे, पुन्हा बघायचे. शेवटी "हं, हेच" म्हणाले. त्यांना डाव्या डोळ्याने जे दिसत होतं ते त्या दिवशी मला दिसलं. आपल्या वडिलांच्या डोळ्यांतून बघायला मिळणं ही काय गोष्ट आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही.

क्लोद मोने या चित्रकाराचंही असंच ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, हे मला बाबांनीच सांगितलं. त्याने मग आपली काही चित्रं पुन्हा हातात घेतली. तुम्ही जुने रंगीत प्रिंट बदलणार का, असं मी विचारलं. बाबा नाही म्हणाले. त्या वेळी जग तसं दिसत होतं, ते खोटं कसं म्हणू?

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी थोडं लांबवायला लावलं. डॉक्टरांची हरकत नव्हती. कारण फक्त मला माहीत आहे: त्यांना दोन्ही भिंती आणखी थोडे दिवस हव्या होत्या.

— झाडलोट करणारी बाई (माझ्या मुलीने लिहून घेतलं)

सर शिकवायचे त्या इमारतीत मी फरशी पुसायचे. ओली फरशी कुणी तुडवू नये म्हणून मी ओरडायची, तर हे दारातच उभे. म्हणाले, बाई, वाळेपर्यंत कुणालाच सोडू नका. मला वाटलं, बरा माणूस आहे. मग बघते तर खाली बसून फरशीचा फोटो काढतायत. सगळी खिडकी फरशीत उलटी पडली होती. एवढी वर्षं मी ती पुसली, पण पुसणारा मागे मागे सरकत जातो, पुढे काय पडलंय ते बघत नाही.

माझाही फोटो काढू का म्हणून विचारलं. मी आधी नको म्हटलं. परत कधी विषय काढला नाही. मग मीच एकदा म्हटलं, काढा. बादलीत साबणाचा फेस होता, त्यातला एक बुडबुडा त्यांनी मला दाखवला. रंग खाली खाली सरकतात आणि फुटायच्या जरा आधी वरचा भाग काळा होतो. तिथे साबणाचं पाणी इतकं पातळ होतं की उजेड परत येतच नाही, असं म्हणाले. माझ्या फोटोत मी बादलीत बघतेय. मला माझा चेहरा आवडत नाही, पण त्या फोटोतला आवडतो. तो घरात दर्शनी भिंतीवर लावलाय.

— वृत्तछायाचित्रकार, सरांची जुनी विद्यार्थिनी

वरचे सगळे अनुभव खरे आहेत, पण पुस्तकात हेही यायला हवं की सरांशी माझं या विषयावर कडाक्याचं भांडण झालं होतं. मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. वस्तीला लागलेली आग, विस्थापितांचे तंबू, इस्पितळातल्या रांगा असं बघून यायची आणि सरांच्या घरी गंजलेल्या कडीचा प्रिंट वाळत असायचा. एकदा मी म्हटलं, सगळीकडे सौंदर्य दिसणं ही पोट भरलेल्या माणसाची चैन आहे. तुटक्या भिंतीचा पोत तुम्हाला दिसतो, त्या भिंतीआड राहणाऱ्याला गळणारं पाणी दिसतं.

त्यांनी प्रतिवाद केला नाही. कपाट उघडून कॉन्टॅक्ट शीटचा, म्हणजे रोलमधले सगळे फोटो छोटे छोटे छापलेल्या पानांचा, एक गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाले, यात झोपलेला माणूस शोध. कुठल्याही शीटवर नव्हता. रस्त्यावर झोपलेल्यांचे फोटो सगळेच काढतात, मीही काढले होते, ते 'चांगले' येतात. सर म्हणाले, "झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही." मग त्यांनी मला आपली पद्धत सांगितली. वस्तूला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं, आणि विचारल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते फोटोपेक्षा महत्त्वाचं असतं. गळणाऱ्या भिंतीचा फोटो काढायचा तर आत जायचं, बादली कुठे ठेवलीय ते बघायचं, ती रिकामी करायला हात लावायचा, आणि मग वाटलंच तर कॅमेरा काढायचा.

मला हे तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं, आजही नाही. बातमीत विचारत बसायला वेळ नसतो, आणि काही गोष्टी कुणाच्याही परवानगीशिवाय जगासमोर याव्याच लागतात. सरांनीही ते मान्य केलं. पण त्या दिवसापासून एक बदल झाला. कुठेही गेले तरी मी माणसाच्या दुःखाबरोबर त्याने जपलेली एखादी वस्तू शोधते. तंबूत घडी घालून उशाशी ठेवलेला एकुलता एक चांगला कपडा, जळक्या घरातून आधी बाहेर काढलेला आरसा. सर ज्याला सौंदर्य म्हणतात ते बहुधा हेच असावं: कुणीतरी त्या वस्तूची काळजी घेतलीय याची खूण. कडी गंजली तरी रोज हात लागून तिची मधली जागा चकचकीत राहते. तो प्रिंट मी पुन्हा नीट बघितला तेव्हा मला ती जागा दिसली. कडीच्या फोटोचा मध्यबिंदूच तो होता.

— नाव नको

उजेड मोजायचं यंत्र, लाइट मीटर, सर काढून घ्यायचे. लख्ख उन्हात लेन्सचं तोंड एफ/१६ (आकडा लहान तितकं तोंड मोठं) आणि शटरचा वेग साधारण फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे तिच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका: ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंद. ढगाळ असेल तर एफ/८, दाट सावलीत एफ/५.६ किंवा त्याहून मोठं तोंड. आता कॅमेरे सगळं करून देतात, पण दारातून बाहेर पडताना आजही मनात आकडा येतो. उजेड मोजायची सवय लागली की तो दिसायलाही लागतो.

— नातू

आजोबांना मोबाइल मीच शिकवला. त्यांना वाटलं होतं की त्यात काही कस नसेल. मी दाखवलं की स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथे अडकून राहतात आणि मग बोट खाली ओढून फोटो गडद करता येतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे सावली काळी ठेवता येते?" दुसरं काही त्यांना नकोच होतं. फिल्टर बघितलेही नाहीत.

हात हलतो म्हणून ते आता कोपर भिंतीला टेकवतात, श्वास सोडतात आणि तो संपता संपता बटण दाबतात. मला म्हणाले, तूही असंच कर, तुझा हात हलत नाही म्हणून तुला हे कळत नाही एवढंच. मी करून बघितलं. अंधाऱ्या खोलीतले माझे फोटो खरंच सुधारले. आणि फोटो काढायच्या आधी मोबाइलची लेन्स मऊ कापडाने पुसा. हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

आमच्यात एक खेळ आहे. रोज दोघांनी घरातल्याच एकेका वस्तूचा फोटो काढायचा, वस्तू पुन्हा यायची नाही. मला वाटलं होतं, पटकन संपेल. माझ्या वस्तू संपत आल्या, त्यांच्या नाहीत. परवा त्यांनी स्विचबोर्डच्या वरच्या भिंतीवर पडलेला बोटांचा मळकट डाग काढला. आई म्हणाली, पुसायचाच होता. आजोबा म्हणाले, त्यात सगळं घर आहे, थांब.

— धागाकर्तीकडून

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. वृत्तछायाचित्रकार ताईंचं लेखन जसंच्या तसं घेणार आहे. सरांना तेच सगळ्यात आवडेल अशी माझी खात्री आहे. डार्करूमवाल्या दादांचा प्रिंट मी स्वतः येऊन नेईन आणि स्वतः परत आणून देईन.

वाढदिवसाची भेट काय, असं काहींनी विचारलंय. त्यांच्या लेकीशी बोलले. सरांच्या खोलीत निगेटिव्हची खोकी छतापर्यंत आहेत आणि अर्ध्याहून अधिक पाकिटांवर काहीच लिहिलेलं नाही. काय कुठलं ते फक्त त्यांना सांगता येतं, आणि ते सांगायला एका पायावर तयार आहेत. तेव्हा भेट हीच: आळीपाळीने जायचं, त्यांच्याजवळ बसायचं, एकेक रोल उजेडात धरायचा आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचं. येताना सुती हातमोजे आणा. जुनी पीव्हीसीची पाकिटं काढून टाकायची आहेत, त्यांतून निघणाऱ्या वायूंनी फिल्म खराब होते. पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं मी मागवते. लेखन पेन्सिलीने आणि पाकिटाच्या कडेला, तेही फिल्म आत घालायच्या आधी. ज्यांना स्कॅनिंग येतं त्यांनी तसं कळवा. ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांनी नुसतं ऐकायला आणि लिहून घ्यायला यावं, ते काम सगळ्यात मोठं आहे. कुणाला कोणता वार जमेल तो खाली लिहा, म्हणजे मी यादी करते. रविवार सोडून, तो त्यांच्या मित्राने वादासाठी राखून ठेवलाय.